हाऊसस्टेड्सचे संडास कोण साफ करायचं?

उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या रोमन भिंतीवर जायचं ठरवलं तेव्हा खरं तर मला आठवडाभर फक्त झोपायचं होतं. त्याआधीचे सहा आठवडे मी रोमन काळावरच्या एका टीव्ही मालिकेसाठी इतिहासाच्या चुका शोधत होते. मालिकेचं नाव सांगता येत नाही, तशी सही करून दिली आहे. कामाची पद्धत अशी: पटकथा माझ्याकडे यायची, मी शेरे लिहायचे, आणि वरून उत्तर यायचं, "थँक्स, सो इंटरेस्टिंग!" हे उत्तर आलं की समजायचं, काहीही बदलणार नाही. घोडेस्वारांच्या पायात रिकिबी नकोत, तेव्हा त्या नव्हत्या. थँक्स. स्वयंपाकघरात टोमॅटो दिसतोय, तो अमेरिकेतून यायला अजून चौदाशे वर्षं आहेत. सो इंटरेस्टिंग. पुतळे पांढरेफटक नव्हते, रंगवलेले असायचे. यावर तर उत्तरही आलं नाही.

मँचेस्टरला एमए झाल्यावर मिळालेलं हे माझं पहिलं खरं काम. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. इतिहास नीट सांगितला तर माणसं एकमेकांशी नीट वागतील, असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं, पण आता त्यासाठी जरा दम लागतो.

सहा आठवड्यांत माझा एकच शेरा जसाच्या तसा स्वीकारला गेला. त्याची गोष्ट सांगायला हवी, कारण हा सगळा प्रवास त्याच्यामुळेच झाला.

मालिकेत एक प्रसंग आहे. भिंतीवरच्या किल्ल्यात दोन शिपाई सार्वजनिक संडासात शेजारी शेजारी बसून कट रचतात. मध्येच ढुंगण पुसायच्या, काठीला बांधलेल्या स्पंजवरून विनोद होतात. मी हे फोनवर अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आणि ते साफ कोण करायचं गं?"

अप्पा मिरजेत सफाई कामगार होते. पहाटे हजेरी शेडवर जायचं, मुकादम सांगेल तिकडे निघायचं, अशी नोकरीभर सवय. ते निवृत्त झाल्यावर वारसा हक्काने त्यांच्या जागी माझा भाऊ सचिन लागला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे सफाई कामगाराची नोकरी त्याच्या वारसाला मिळते. घर चालतं म्हणून सगळे त्याला हक्क म्हणतात, आणि तो आहेही. पण बापाच्या हातचा झाडू मुलाच्या हातात जातो, हेही तितकंच खरं.

अप्पांचा प्रश्न ऐकून मला लाज वाटली. इतकी पुस्तकं वाचून हा प्रश्न मला का पडला नव्हता? मी बसून दोन पानी शेरा लिहिला. किल्ल्यात सफाई करणारं गुलामांचं एक कुटुंब दाखवा. बाप आणि मुलगा. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. शिपाई आला की ते भिंतीला चिकटून उभे राहतात, त्यांचं पाण्याचं भांडं वेगळं असतं. माझी वरिष्ठ अ‍ॅलिस हिचा तासाभरात फोन आला. "हे विलक्षण आहे," ती म्हणाली. "आम्हाला याचीच गरज होती." बाप आणि मुलगा निवडले गेले, कपडे शिवले गेले, मुलाच्या तोंडी एक वाक्यही आलं: माझ्या आजानेही हेच केलं. मंगळवारी चित्रीकरण ठरलं. त्याआधीच्या शनिवार ते सोमवार बँक हॉलिडेची सुट्टी होती. ती जागा एकदा डोळ्यांनी बघून यावी म्हणून मी निघाले.

शनिवार. मँचेस्टरहून न्यूकॅसलला थेट गाडी आहे, अडीच तासांच्या आसपास लागतात. तिकीट आधी काढा. मी आदल्या दिवशी काढलं आणि जवळजवळ दुप्पट पैसे मोजले. न्यूकॅसलला नेहा भेटली. ती लंडनच्या इल्फर्डची, आईवडील नागपूरचे. आमची ओळख जयंतीच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडताना झाली. ती इथेच जन्मली, त्यामुळे तिचं मराठी आपल्या वाटेने चालतं. आईने दिलेल्या कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्यांचा डबा माझ्यापुढे धरत ती म्हणाली, "तू किती टायर्ड दिसतो गं! रोमन लोकांनी तुला पण स्लेव्ह केला का?"

न्यूकॅसलहून हेक्समला लोकल गाडीने पाऊण तास. गाव लहान आणि नीटनेटकं आहे. आम्ही चर्चजवळच्या कॅफेत मसूर-गाजराचं सूप घेतलं. अळणी होतं, पण गरम होतं. रात्रीच्या जेवणाचं सामान गावातल्याच दुकानातून घ्या, पुढे भिंतीकडे दुकानं जवळजवळ नाहीत. हेक्समहून भिंतीच्या बाजूने एक बस जाते. ती फक्त उन्हाळी मोसमात चालते आणि शेवटची फेरी लवकर असते. वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, कारण वर गेल्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही. आम्ही वन्स ब्रूडच्या हॉस्टेलमध्ये उतरलो. गावाचं नाव खरंच तसं आहे, ‘एकदा उकळलेलं’. सहा जणींची खोली, चादरी स्वच्छ, शॉवर मात्र दर मिनिटाला बटण दाबायला लावणारा.

रविवार. हाऊसस्टेड्सचा किल्ला रस्त्यावरून दिसत नाही. गाडीतळावर उतरायचं आणि मेंढ्यांच्या कुरणातून पंधरा मिनिटं चढायचं. बूट चांगले हवेत. मे महिना असला तरी वारा कानात शिरतो, टोपी विसरू नका. वर पोचलं की एका बाजूला भिंत टेकडीच्या कण्यावरून लांबवर गेलेली दिसते आणि पायाशी किल्ल्याच्या खोल्यांचे गुडघाभर उंचीचे दगड. टीव्हीवर जे भव्य दिसतं ते इथे गुडघ्याएवढंच उरलं आहे. मला ते आवडलं.

संडास किल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात आहेत. उतारावरून आलेलं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि त्याने दोन्ही बाजूंचे खोल नाले धुऊन काढायचे, अशी सोय. वरची लाकडी बैठक गेली आहे, नाले आणि हात धुवायच्या दगडी कुंड्या शिल्लक आहेत. मी कठड्याशी उभी राहून मापं लिहून घेत होते. तिथे बॅरी नावाचे एक आजोबा लोकांना माहिती सांगत होते. शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेले, आता स्वयंसेवक म्हणून येतात.

मी विचारलं, "सफाई करणारी कुटुंबं कुठे राहायची? किल्ल्याच्या आत की बाहेर?"

"कोणती कुटुंबं?"

"हे नाले साफ करणारी. गुलामांची."

बॅरींनी चष्मा पुसला. "गुलाम होते, हो. शिपायांचे नोकरही होते. पण हे काम ठरावीक घराण्याचं होतं, असं मी तरी कुठे वाचलेलं नाही. तुम्ही ड्युटीची यादी पाहिली आहे का?"

मी यादीबद्दल ऐकलं होतं, पण नीट वाचली नव्हती. इजिप्तमध्ये सापडलेला एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याचा जुना कागद, आहे. त्यावर तिथल्या एका रोमन तुकडीतल्या शिपायांची नावं आणि नावापुढे रोजचं काम. कुणी दरवाज्यावर, कुणी शस्त्रागारात, कुणी स्नानगृहात. आणि एखाद्या नावापुढे एकच शब्द, विष्ठा.

"तबेल्यातली की संडासातली, यावर वाद घालता येईल," बॅरी म्हणाले. "आणि इजिप्तमध्ये होतं ते इथे होतंच असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण ते काम करणारा लढाऊ शिपाई होता. आज त्याचं नाव तिथे, उद्या दुसरीकडे." मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या कुटुंबांचा पुरावा कुठला?"

ते मला टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा पुरावा आमच्या वस्तीतला आहे. वेगळं भांडं मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नव्हतं. भिंतीला चिकटून उभं राहणं मी आजोबांकडून ऐकलं होतं. मैला आहे म्हणजे तो उचलण्यासाठी जन्मलेली माणसंही असणारच, हे मला तपासण्यासारखं वाटलंच नव्हतं. दुसऱ्यांचे टोमॅटो शोधून काढणाऱ्या मला माझा टोमॅटो दिसला नव्हता.

नेहा सगळं ऐकत होती. बॅरी पुढच्या लोकांकडे वळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तू रोममध्ये मिरज टाकला?"

"हो."

"आणि त्यांनी तेच पास केला?"

"तेच."

ती हसायला लागली, मग माझ्याकडे बघून थांबली. वडीचा शेवटचा तुकडा तिने मला दिला.

संध्याकाळी, अजून लख्ख उजेड असताना, हॉस्टेलच्या बाकावर बसून मी अ‍ॅलिसला मेल लिहिला. माझा शेरा चुकीचा आहे, पुरावा नाही, कृपया बदला. शिपायांनाच नावं पुकारून सफाईला लावलेलं दाखवा. पाठवायला मात्र बराच वेळ लागला. पुढच्या भागांसाठी कुणाला ठेवायचं ते याच महिन्यात ठरणार होतं. माझा व्हिसा कधी संपतो ते मला तोंडपाठ आहे. आणि श्रेयनामावलीत माझं नाव येणार हे अप्पांनी अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलं होतं.

सोमवार. भिंतीवरून चाललो. स्टील रिगकडचा टप्पा सुंदर आहे, पण पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा घेतात. पाणी भरपूर घ्या. भिंतीलगतच्या खाचेतलं एक प्रसिद्ध झाड काही वर्षांपूर्वी कुणीतरी रात्रीत कापून टाकलं, तिथे लोक अजूनही फोटो काढत होते, रिकाम्या जागेचे. तिथून पुढच्या चढावर अ‍ॅलिसचा फोन आला. वाऱ्यात अर्धे शब्द उडत होते, म्हणून मी भिंतीच्या आडोशाला खाली बसले.

"सेट उभा आहे," ती म्हणाली. "बाप-मुलगा म्हणजे त्या भागाचं काळीज आहे. आणि हे तूच सुचवलं होतंस ना?"

"हो. चूक माझीच आहे."

"कुणाला कळणार आहे?"

"माझे वडील बघणार आहेत."

"मग त्यांना आवडणार नाही का? त्यांच्यासारखी माणसं कधी टीव्हीवर दिसतात?"

तिचं खरं होतं. त्यांना आवडेल. अप्पा त्या बापाकडे बोट दाखवून म्हणतील, बघा, तिथेही आम्ही होतो. आणि मला तेच नको होतं. दोन हजार वर्षांपूर्वीही हे असंच होतं, सगळीकडे असंच असतं, असं माझ्याच नावाने अप्पांना सांगायचं? ज्या गोष्टीला जगाची रीत म्हणून आपल्याला गप्प केलं जातं, तिला मी रोमहून दाखला आणून द्यायचा? हे मी अ‍ॅलिसला तुटक इंग्रजीत सांगितलं. शेवटी म्हणाले, "प्रसंग तसाच ठेवणार असाल तर त्या भागातून माझं नाव काढा."

ती म्हणाली, "बघते."

हेक्समची बस वीस मिनिटं उशिरा आली. न्यूकॅसलला नेहाने मिठी मारली आणि ती लंडनच्या गाडीत बसली. मँचेस्टरपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून झोपले.

आता आठवडा झाला आहे. बुटांचा चिखल वाळून गळून पडला, पोटऱ्या अजून दुखतात. मंगळवारी चित्रीकरण झालं. बाप आणि मुलगा आहेत. मुलाचं आजाबद्दलचं वाक्य मात्र गेलं. प्रसंग लांबत होता म्हणून कापलं, असं अ‍ॅलिसने कळवलं. माझ्या शेऱ्याचा तिने उल्लेखही केला नाही. माझं नाव मी सांगितलं तसं त्या भागातून काढलं आहे. पुढच्या भागांबद्दल कुणी काही बोललेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. तुम्ही भिंतीवर गेलात तर या सगळ्याचा विचार न करता जा, जागा फार सुंदर आहे. पण त्या खालच्या कोपऱ्यात जरा वेळ थांबा.

काल अप्पांना फोन करून सगळं सांगितलं. नाव येणार नाही हे आधी सांगितलं. ते "बरं" म्हणाले, आणि ते "बरं" मला बराच वेळ टोचत राहिलं. मग यादीबद्दल सांगितलं: शिपाईच करायचे, एकेकाचं नाव लागायचं, दुसऱ्या दिवशी तोच माणूस दरवाज्यावर पहाऱ्याला.

"व्हय?" अप्पा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पहाऱ्याला?"

"हो."

"आणि ड्युटी कोण लावायचं? मुकादम?"

"तसाच एक अधिकारी असायचा. जुन्या लिखाणात शिपायांची तक्रार आहे की त्याला पैसे चारले की तो नको ती ड्युटी टाळून द्यायचा."

पलीकडे एकदम हसू फुटलं. अप्पा इतके हसले की खोकला लागला. मग त्यांनी फोन बाजूला धरून सचिनला हाक मारली, "ए सच्या, इकडं ये! ताई सांगतीया बघ, रोमचा मुकादम पण खायचा!" आणि पुन्हा फोनवर येऊन म्हणाले, "मग खरं आहे गं ते. हे दाखवायला सांग की त्यांना."