खळ्यावरची फायनल आणि आधीच फुटलेला नारळ

कतारच्या वर्ल्डकपची फायनल कुठे पाहिलीस, असं कुणी विचारलं की मी ऐटीत सांगते: किन्हवलीच्या पुढे, एका खळ्यावर, अनवाणी! लोकांना वाटतं, थट्टा करतेय. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

माझ्या ऑफिसमधली कविता तिकडच्या एका पाड्यातली. शाळेत ती गोलकीपर होती. जिल्ह्याच्या निवडीला बोलावणं आलं, तेव्हा आईने पाठवलं नाही. "बॉलामागं पळून पोट भरतं काय गो?" हे वाक्य कविता दहा वर्षं विसरली नव्हती. आईने आपला एकही सामना पाहिला नाही, ही सल तर त्याहून मोठी. फायनलच्या आठवड्यात ती म्हणाली, "यंदा आईला अख्खा सामना बघायला लावणार. येतेस?" मी कट्टर अर्जेंटिनावाली. नाही कशाला म्हणतेय!

रविवारी सकाळी डोंबिवलीहून निघालो. कुणाला जायचं असेल तर आसनगावला उतरा, शेअर रिक्षाने शहापूर स्टँड गाठा आणि तिथून किन्हवलीची एसटी पकडा. आता बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा पूर्ण पडलं होतं. किन्हवलीहून पुढे जीप, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे वडापाव खाऊन घ्या. किन्हवलीत लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडून कविताने प्रोजेक्टर भाड्याने घेतला. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो मी तान्ह्या बाळासारखा मांडीवर सांभाळला.

सामना मोबाईलवरून पडद्यावर घ्यायचा, पण पाड्यात रेंज फक्त खळ्यावर, आणि खळ्यावर भाताचे भारे. मावशींनी, म्हणजे कविताच्या आईने, अट घातली. "म्हशाच्या जत्रंआधी भात घरात पायजे. झोडून खळा मोकळा करा, मग लावा तुमचा पडदा."

मी उत्साहाने पुढे झाले तोच ओरडा बसला. "पोरी, चपला भायेर! लक्ष्मी हाय तिथं."

मग काय, दिवस मावळेपर्यंत आम्ही भात झोडला. शेजारपाजारचेही आले. फुटबॉलशी देणंघेणं नसलेलेसुद्धा! माझ्या तळहातांना फोड आले, पण कोपऱ्यात भाताची पिवळी रास उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी रास मापून झाल्यावर फोडायचा नारळ मावशींनी तिच्यावर ठेवला आणि त्या चुलीकडे गेल्या. नव्या तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, तेवढ्यात साडेआठ वाजले.

मध्यंतरालाच अर्जेंटिना दोन-शून्य! मी नाचत होते. कविता मात्र सारखी घराच्या दाराकडे बघत होती. दोन हाका मारूनही मावशी आल्या नव्हत्या. शेवटची दहा-बारा मिनिटं उरली तेव्हा पाड्याने जल्लोष सुरू केला, आणि कविताला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने राशीवरचा नारळ उचलला आणि दगडावर फोडला.

खोबरं वाटून होतंय तोवर फ्रान्सचा गोल. आणि लगेच दुसरा! दोन-दोन. खळ्यावर सन्नाटा.

आवाज बंद का झाला म्हणून मावशी बाहेर आल्या. त्यांनी करवंटी पाहिली. "रास मापली नाय, न् नारळ फोडला?" कविताची मान खाली. म्हातारे पुटपुटले, पोरीनं घात केला. मावशी तरातरा आत गेल्या, देवापुढचा नारळ घेऊन आल्या आणि पडद्यासमोर पहिल्या ओळीत मांडी ठोकून बसल्या. "आता हा माज्या हातात. संपेपर्यंत उठत नाय."

ज्यासाठी एवढा खटाटोप, ते चुकीने साधलं! जादा वेळेत तीन-दोन, मग तीन-तीन. अगदी शेवटच्या क्षणी फ्रान्सचा एक जण एकटाच गोलसमोर सुटला, आणि अर्जेंटिनाच्या गोलकीपरने पाय फेकून बॉल अडवला. सगळे ओरडले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "आमची कवी अशीच आडवायची. डावा पाय फेकून."

कविताने पडद्यावरची नजर काढली ती काढलीच. पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली, मी कुणाकुणाला मिठ्या मारल्या, पण ती आईकडेच बघत राहिली.

सकाळी रास मापली. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग मावशींनी नारळ फोडला, माझ्या हातावर खोबरं ठेवलं, आणि आम्ही जीपकडे पळालो.

डोंबिवलीला परतल्यावर आठवडाभर तळहात दुखत होते. प्रत्येक वर्ल्डकपची माझी एक आठवण असते, कुठलातरी गोल. या वेळची गोलाची नाही.

परतल्याच्या दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत कविता म्हणाली, "काल आईला फोनवर विचारलं, तू माझा खेळ कधी बघितलास? म्हणाली, शाळेच्या कुंपणामागनं. लाकडाची मोळी घेऊन येताना. दर सामन्याला."

"मग हाक का नाही मारली कधी?"

कविताचा डबा उघडाच होता. "मीपण तेच विचारलं. म्हणते, हाक मारली असती तं तू माज्याकडं बघितलं असतंस, न् गोल खाल्ला असतास."