उणे अठरावर अडकलेला आकडा

मंगळवारी सकाळी पनवेलला मासळी बाजारामागच्या एका कोल्डरूमपुढे उभा होतो. दाराशेजारच्या स्क्रीनवर तापमान उणे अठरा दिसत होतं... आणि दार उघडलं तर वासाचा भपकारा आला. त्या स्क्रीनचा प्रोग्रॅम मी लिहिलेला.

कोल्डरूम हिरामावशींची. पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा विकायला म्हणून त्या मे महिन्यात सुरमई, कोळंबी भरून ठेवतात. बोटी नुकत्याच बंद झाल्या होत्या, म्हणजे परत भरायचीही सोय नाही. कॉम्प्रेसर बंद पडून चार दिवस झालेत, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. माझा आकडा मात्र शेवटचे क्रेट भरले त्या दिवसापासून जागचा हलला नव्हता.

चूक शोधायला अर्धा तासही लागला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. स्क्रीनवर आकडा रंगवायचं काम प्रोग्रॅममधला एक थ्रेड, म्हणजे त्या एकाच कामावर नेमलेला भाग, करत असतो. दार उघडलं की इंटरप्ट येतो, म्हणजे हातातलं काम तिथंच टाकून आधी त्याच्याकडे बघायचं. त्या इंटरप्टमधूनच मी थेट 'दार उघडं आहे' अशी लाल पट्टी रंगवत होतो. एकजण वहीत लिहितोय आणि दुसऱ्याने मध्येच ती ओढून त्याच ओळीवर लिहावं, तसा प्रकार. क्रेट भरताना दाराची सतत उघडझाप... एकदा नेमकं आकडा रंगत असताना दार उघडलं आणि स्क्रीन अडकली. तापमान वाढलं की वाजणारा अलार्म त्याच प्रोग्रॅममध्ये होता, तोही गेला.

स्क्रीनवर रंगवायला जो तयार कोड वापरतो, त्या ग्राफिक्स लायब्ररीच्या माहितीत स्वच्छ लिहिलंय, इंटरप्टमधून काही रंगवू नका. तिथे फक्त खूण करून ठेवा, रंगवायचं काम एकाच थ्रेडकडे असू द्या. मी ते वाचलं होतं. टेबलावर पन्नासदा करून बघितलं, चाललं, म्हणून तसंच दिलं लावून... आपलं नेहमीचं, चालतंय ना, मग राहू दे.

मावशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आदी मी रोज आत हात घालून बगायची. तूच सांगलास, दार सारका उगडू नको, भायेरून आकडा बग. म्हनून नाय उगडला." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुरुस्ती मोजून चार ओळींची. स्क्रीन अडकलीच तर आपोआप परत सुरू व्हावी, ही सोयही केली... जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. शुक्रवारी ते सगळं बसवायला गेलो तेव्हा खोली धुऊन रिकामी पडली होती. फिनेलचा वास येत होता आणि एक बाई रिकामे क्रेट एकावर एक रचत होत्या.

मी सगळं समजावून सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुजा माल असता, तं भरला असतास का यात?"

मला चटकन 'हो' म्हणता आलं नाही... आणि त्यांनी ते पाहिलं.