कुंकवाची जागा

खडेबाजारात भांड्यांच्या दोन दुकानांमध्ये जेमतेम मावलेल्या परशरामच्या दुरुस्तीच्या दुकानाला पाटी नाही. तरी गावोगावच्या भजनी मंडळांचे माईक आणि कीर्तनकारांचे टेपरेकॉर्डर बरोबर त्याच्यापाशी येऊन पोचतात. स्वस्तातल्या वस्तूंचा त्याला विशेष लळा. भारीतल्या वस्तूंना कंपनी तरी विचारते, या बापड्यांना कोण आहे, असे त्याचे म्हणणे. उघडताना तो त्यांच्याशी बोलतोही. "थांब गं, दुखायचं न्हाय," असे एखाद्या मशीनला समजावताना गिऱ्हाइकांनी त्याला कैकदा ऐकले आहे.

दसरा होऊन गेल्यावर एके सकाळी वडगावची मंगल हातरुमालात गुंडाळलेला बोटभर लांबीचा रेकॉर्डर घेऊन आली. तिचे सासरे आण्णाप्पा हातमागावर साडीचा काठ विणताना नक्षीचे धागे तोंडाने म्हणत, ठरलेल्या चालीत: किती उचलायचे, किती सोडायचे. कागदावर काहीच नव्हते. मंगलने शिकता शिकता हा रेकॉर्डर मागाला टांगून ते भरून घेतले होते. उन्हाळ्यात आण्णाप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. आता नणंद राजेश्वरीच्या लग्नाची साडी मागावर होती, काठ अर्ध्यावर आला होता आणि रेकॉर्डर मुका झाला होता.

एरवी परशरामने नवा घ्यायला सुचवले असते. आज त्याने टेबलावरचा दिवा जवळ ओढला.

स्टिकरखाली दडवलेला स्क्रू त्याने नखाने चाचपून शोधला, डिंकाने चिकटलेले कवच ऊब देऊन सैल केले आणि प्लास्टिकची पातळ पट्टी सारून हलकेच उघडले. आत सगळे लालभडक. चार्जिंगच्या तोंडात, माईकच्या छिद्रात, बटणांच्या खाली लाल-पिवळा लगदा सुकून बसला होता. कोणी पान खाऊन आत थुंकले की काय, असेच त्याला क्षणभर वाटले. त्याने विचारले तेव्हा मंगलची मान खाली गेली.

"खंडेनवमीला माग पुजला, धोटा पुजला, कात्री पुजली. म्हटलं, ह्यो बी मागावरच राबतोय न्हवं? दोन बोटं वढली आन् पळीभर पाणी सोडलं."

परशराम हसला नाही. टेबलावरचा मीटर त्याने उलटा करून तिच्यापुढे धरला. त्याच्या पाठीवर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा थर होता.

"ह्येच्या आधीचा असाच गेला, आक्का. तवापासनं पाठीला लावतो."

मंगलला जरा धीर आला. परशरामला मात्र आला नव्हता. आत ओल असताना वीज खेळली असेल, तर आवाज साठवणारी चिप जळून गेली असणार, आणि ती काही कोणाला दुरुस्त करता येत नाही. घरी चार्जरला लावला होता का, असे त्याने जपून विचारले. लावायला गेले होते, ती म्हणाली, पण कुंकू इतके घट्ट बसले होते की पिन आतच जाईना. आणि बॅटरी तर पूजेच्या आधीच उतरलेली.

"मग तुमच्या कुंकवानंच राखलं म्हणायचं," परशराम म्हणाला, आणि कामाला लागला.

स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन त्याने एकेक कोपरा स्वच्छ केला. हिरवी पडलेली चार्जिंगची खाच काढून एका मेलेल्या रेकॉर्डरची तिथे बसवली, नवी बॅटरी जोडली. बटण दाबले. आधी काहीच नाही. मग मागाची खटखट, आणि तिच्यावर एक खडबडीत म्हातारा सूर:

"दोन उचल, एक सोड... तीन उचल... पोरी, ध्यान कुठं हाय गं तुझं?"

टेबलाच्या कडेवर मंगलची बोटे आपोआप नसलेले धागे उचलू लागली. दटावणीपाशी ती हसली आणि मग बराच वेळ पदर डोळ्यांवरून हलला नाही. परशराम तेवढ्यात उगाचच टेबल पुसत राहिला.

सगळा आवाज त्याने तिच्या फोनमध्ये आणि एका वेगळ्या कार्डावर उतरवून दिला. कवच पुन्हा बसवून रेकॉर्डरच्या पाठीवर त्याने कागदाची एक गोल टिकली चिकटवली.

"फुडच्या खंडेनवमीला कुंकू हितं. पाणी मातूर न्हाय."

मंगलने रेकॉर्डर रुमालात गुंडाळला, पायरी उतरली आणि पुन्हा वळली.

"आन् हळद, दादा?"

परशरामने गंभीरपणे विचार केला.

"चालंल. कोरडी."