नूरुद्दीनचा बारावा फोटो

कोल्हारच्या एसटी थांब्यासमोर नूरुद्दीनचा फोटो स्टुडिओ होता. एक खोली, एक स्टूल आणि ताजमहाल रंगवलेला पडदा. गिऱ्हाईक कॅमेऱ्यासमोर बसलं की श्वास कोंडून घ्यायचं आणि जिवंत माणसाचा बघता बघता दगड व्हायचा. एका रोलात बारा फोटो निघत. अकरा दगडांचे. बारावा नूरुद्दीन बाजारात जाऊन स्वतःसाठी काढी. एसटीच्या टपावरून ऐटीत चाललेली शेळी. तागडीच्या एका पारड्यात वांगी, दुसऱ्यात झोपलेलं मांजर, आणि काटा बरोबर मधोमध. असले फोटो तो बिस्किटांच्या डब्यात ठेवी.

बायको जरीना म्हणे, "लोकांची थट्टा डब्यात कोंबून ठेवलीय. एक दिवस झाकण उडंल."

एकाहत्तरच्या आषाढात ते उडालं. सहादेव नावाचा शेतकरी छातीत कळ येऊन गेला. त्याचा मुलगा सूर्यभान स्टुडिओत आला.

"नूरूभाऊ, तेराव्याला दादांचा फोटो पायजे. आई म्हनती, वरीस सरलं की तोंड इसरंल मी त्यांचं. तुमच्याकडं हाय का एखादा?"

होता. डब्यात. बैलबाजारात सहादेव गाल फुगवून बशीतला चहा फुंकतोय, मागं त्याचाच बैल सर्जा उभा, आणि सर्जाची दोन्ही शिंगं थेट सहादेवच्या पागोट्यातून उगवलेली.

हे दाखवायचं कसं? नूरुद्दीननं नवी प्रत काढून तिच्यावर दोन दिवस ब्रश चालवला. शिंगं पुसली, बशी उडवली, गाल आत बसवले. तेराव्याला फ्रेम घेऊन तो सहादेवच्या घरी गेला.

मालनबाईनं नवऱ्याचा फोटो निरखला. "ह्यो कोन?"

"वहिनी, सहादेवभाऊ."

"न्हाई. ह्यो कुनी तलाठी हाय." तिचे डोळे भरले. "आमचं मालक असं गप कवा बसलं?"

"चांगला तर हाय, आई. लावू की."

"लाव. तुज्या सासऱ्याच्या भिंतीला लाव."

नूरुद्दीननं घाबरत खिशातून मूळ फोटो काढला. सूर्यभान लालबुंद झाला. "माझ्या बापाला शिंगं?"

मालनबाईनं फोटो डोळ्यांशी धरला. तिचे खांदे हलू लागले. बायका सावरायला धावल्या. पण ती हसत होती.

"बशी बगा की! फुकून फुकून निम्मा च्या धोतरावर! आन मागं आमचा सर्जा." तिनं पदरानं नाक पुसलं. "सूर्यभान, ह्योच लाव."

तोच लागला. तेराव्याला आलेली माणसं हात जोडत आणि ओठ चावत जेवायला बसली.

पुढच्या वर्षी पोळ्याला नूरुद्दीनला जेवायचं बोलावणं आलं. कॅमेरा खांद्याला होता, रोलात एकच फोटो उरला होता. ओसरीत मालनबाई पाटावर चढलेली, हातात हिंगुळाची वाटी. सर्जाची शिंगं रंगवून झाली होती. आता ती फ्रेमच्या काचेवरची रंगवत होती.

"आई, खाली उतर! लोक काय म्हनतील?" सूर्यभान ओरडला.

"सर्जाची रंगवली, मग ह्यांचीच कोरी ठिवू व्हय?"

तेवढ्यात तिला कॅमेरा दिसला. वाटी हातात तशीच धरून, सगळे धरतात तसा, तिनं श्वास कोंडून धरला. गाल टम्म फुगले.

नूरुद्दीननं बटण दाबलं.