लाल पंजांचा राखणदार

नाव: फिलेमोन येस्कास. वय: त्रेसष्ट. हुद्दा: खडकचित्रांचा अधिकृत राखणदार, ग्रामसभेने एकमताने नेमलेला. मुदत: एक वर्ष. मानधन: सन्मान.

आमच्या सान मेल्चोरला चारी बाजूंनी कडे आहेत. आत यायला एकच खिंड, आणि दुर्दैवाने तिच्यातून बस येते. उतरलेली माणसं आधी कड्यांकडे भक्तिभावाने पाहतात, मग कड्याआड जाऊन मुततात, आणि जाताना रंगाच्या डब्याने आपली नावं फवारतात. राउल आणि यादिरा तीन वर्षं पूर्वेच्या कड्यावर एकमेकांवर प्रेम करताहेत. त्यांच्याखाली हातभर अंतरावर आमच्या पूर्वजांनी उमटवलेले हातांचे लाल पंजे होते.

फिलेमोन गेल्या वर्षी तोपील होता, म्हणजे गावचा बिनपगारी शिपाई. ही सेवा ज्याने केली नाही त्याला गावच्या दफनभूमीत जागा नाही. तरुणपण राजधानीत विटा भाजण्यात गेलं, म्हणून शिपाईगिरी म्हातारपणी. बायको एउलालिया इथेच पुरलेली. तिच्या शेजारची जागा त्याला हवी होती, बाकी काही नाही.

डिसेंबरात वरच्या कचेरीचा तपासनीस येणार होता. त्याआधी हुकूम आला: खडकांवरचं सगळं खरडलेलं पुसावं. गावप्रमुख अबुंदिओने सक्तीच्या श्रमदानाची घंटा वाजवली, तारेचे ब्रश, पाण्याच्या बादल्या वाटल्या आणि फिलेमोनला मुकादम केलं. फिलेमोन त्याच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे.

"कोम्पाद्रे, पंजे सोडायचे ना?" फिलेमोनने विचारलं.

"हुकमात पंजे सोडा असं कुठं लिहिलंय?"

"पुसा असंही नाही."

"'सगळं' लिहिलंय. तुझा एक महिना राहिलाय, कोम्पाद्रे. सभेत 'कामाला नकार' असं वाचून दाखवू?"

फिलेमोनने ब्रश उचलला. गैरहजर राहायची हिंमत नसल्याने मीही उचलला. पंजे तासाभरात तांबड्या पाण्यासारखे ओघळले. राउल आणि यादिरा तेलरंगातले, ते नुसते फिकट झाले. माझ्या नखांत दोन दिवस लाली होती. जेवताना किळस आली, पण जेवलो.

तपासनीस आला, मोलेचा तिखट रस्सा खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाला, "ते प्रसिद्ध पंजे दाखवा."

"तोपिलाने पुसले," अबुंदिओ म्हणाला.

सभेने फिलेमोनचं वर्ष बाद केलं आणि भरपाई म्हणून हे राखणदारीचं नवं वर्ष दिलं. एउलालियाशेजारच्या जागेचा विचार त्यानंतर. हात सगळ्यांचे वर होते, माझाही.

आता तो सकाळपासून काठी घेऊन पूर्वेच्या कड्याखाली उभा असतो आणि बसमधून उतरणाऱ्यांना खडकाला हात लावू देत नाही.

खडकावर फक्त राउल आणि यादिरा आहेत.