धक्क्यावरचा पडणारा गोरा

तेलात हळद गरम केली की त्या वासासरशी मला रेवसचा धक्का आठवतो. साहेबाचं राज्य होतं आणि माझं नवं लग्न. ओहोटीनं खाडीत नुसता चिखल उरला होता, मुंबईची आगबोट भरतीशिवाय येणार नव्हती. मी आणि सासू वलांडीच्या काठ्यांवर बोंबील वाळत घालत होतो, तेवढ्यात धक्क्यावरचा एक तरणा गोरा स्वतःच्याच काठीत पाय अडकून धाडकन आपटला. उठला, टोपी झटकली, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा पडला. धक्क्यावरचा कारकून म्हणाला, "विलायतेचा नवखा नट आहे. पडून लोकांना हसवायचं, हेच त्याचं काम. मुंबईत अजून कुणी हसलं नाही म्हणतो." आम्हीही हसलो नाही. माणूस पडला तर हसायचं कसं? तिसऱ्यांदा पडला तेव्हा गुडघ्यातून रक्त आलं. सासूनं हळद-तेल गरम करून आणलं, त्याच्या गुडघ्याला लावलं, आणि तो पुन्हा उठायला लागला तसा त्याचा हात घट्ट धरला. "पोरा, बस हितं. न्हाय पडलास तरी चालंल." मला नवलच वाटलं, लग्नाला महिना झाला तरी मला त्या घरात कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. त्याला शब्द कळले नसतील, पण तो बसला, आणि भरती येईपर्यंत टोपी मांडीवर घेऊन खाडीकडे बघत राहिला. आता मुंबईहून मुलं आली की मी नकला करकरून त्यांना हसवते, म्हणजे आणखी घटकाभर थांबतील. ती गेली की दुखऱ्या गुडघ्याला हळद माझी मीच लावते.