‘ब’ कपाटातल्या चार नारिंगी केबल

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर वाचून हसायलाच यायचं. बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि प्रत्येक गोष्टीत फट कुठे आहे ते सांगायचो. माझं कामच तसं आहे. मी डेटाबेस सांभाळतो. मशीन स्वतःच्या मनाने काही करत नाही, कोणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि ते लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, सापडतं — याच भरवशावर माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. लाज वाटण्याचं दुसरं कारणही आहे, ते जास्त मोठं आहे.

परळमधलं एक हॉस्पिटल. नाव देत नाही. तिथल्या कॉम्प्युटर विभागात मी आणि सावंत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. सावंत माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, राहायला भोईवाड्यात, कोर्टाच्या मागच्या चाळीत. गाव मालवणकडचं. मी गिरगावातला. डबे उघडले की ते माझ्या डब्यात डोकावणार आणि म्हणणार, “दिघ्या, परत भेंडी? तुमच्या गिरगावात मासे येनत नाय काय रे?”

स्टोरेजची कपाटं सावंतांकडे होती. म्हणजे ज्यांत डिस्क बसवतात ती लोखंडी कपाटं. अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांचा एक डिस्क ग्रुप करतात आणि डेटाबेस त्या ग्रुपवर राहतो. तो ग्रुप बांधण्याचं काम माझं. त्यात एक नियम असतो : प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती, आणि त्या दोन वेगळ्या कपाटांत. एक कपाट गेलं तरी दुसरं चालू राहतं. कुठली प्रत कुठे, हे मात्र माणसाने सांगावं लागतं. सॉफ्टवेअरला कपाट दिसत नाही, आपण जे सांगू ते ते खरं मानतं.

सावंतांनी मला कागद करून दिला होता. ‘अ’ कपाटातल्या चार डिस्क, ‘ब’ कपाटातल्या चार. आकडे मराठीत, कारण ते म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलेले, आणि प्रत्येक आकड्याखाली दोन आडव्या रेघा. केबलला पांढरी पट्टी लावायचे, त्यावरही तसंच. सगळे चिडवायचे. ते म्हणायचे, “दोन रेघा मारलंय म्हणजे दोनदा बघितलंय.”

त्या दिवशी ‘ब’ कपाटाचं काहीतरी काम चालू होतं, त्याच्या डिस्क संध्याकाळपर्यंत दिसणार नव्हत्या. मला घाई होती. मी आठही डिस्क ‘अ’मधल्याच घेतल्या, चारांना एक नाव दिलं, चारांना दुसरं. स्क्रीनवर दोन प्रती, सगळं व्यवस्थित. सोमवारी बदलू म्हटलं.

सोमवारी बदललं नाही. नंतर विसरलो, असंही म्हणता येत नाही, कारण अधूनमधून आठवायचं आणि मी टाळायचो.

वर्षभराने ‘अ’ कपाट बंद पडलं. दोन्ही प्रती एकदम गेल्या. शेवटचा चांगला बॅकअप चार दिवस आधीचा. पॅथॉलॉजीचे चार दिवसांचे रिपोर्ट गेले. लोकांना फोन करून पुन्हा तपासणीला बोलवावं लागलं — पुन्हा सुई, पुन्हा वाट बघणं. गावाहून आलेले काही जण परत आलेच नाहीत. त्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, “डिस्क कुठल्या घ्यायच्या, हे कोणी सांगितलं?”

मी म्हणालो, “सावंतांनी दिले तेच नंबर टाकले.”

कागद माझ्या खणात होता. तो मी त्याच दुपारी फाडला आणि कॅन्टीनच्या डब्यात टाकला.

सावंतांकडे दुसरी प्रत नव्हती. ते भांडतील असं मला वाटलं होतं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग साहेबांना म्हणाले, “माझ्याकडून झालं असेल, साहेब.” महिन्याभरात त्यांना घरी बसवलं. मी पुढे दुसऱ्या कंपनीत गेलो. भोईवाडा तिथून चालत दहा मिनिटं. नऊ वर्षांत मी एकदाही गेलो नाही.

आता त्या रविवाराबद्दल.

त्याच हॉस्पिटलने नवीन यंत्रणा घेतली आणि काम आमच्या कंपनीकडे आलं. रविवारी दुपारी तीन वाजता मी पोचलो. मशीन रूममध्ये नवीन दोन कपाटं. ‘ब’ला केबल जोडलेल्या नव्हत्या. मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर यादव म्हणाला, “सर, स्विच का एक पार्ट मंगलवार को आएगा. तब तक ‘अ’ पे चला लो ना. कौन देखता है?” नवीन केबलची आठ पाकिटं कोपऱ्यात सीलबंद पडली होती. यादव कॅन्टीनला गेला. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो. सोमवारी सकाळी सगळं चालू करायचं होतं.

आणि मी पुन्हा तेच केलं. खोटं कशाला बोलू? आठही डिस्क ‘अ’मधल्या. मंगळवारनंतर बदलू.

ग्रुप तयार झाला. सवयीने यादी मागवली. चार डिस्क ‘अ’च्या, चार ‘ब’च्या.

मला वाटलं टाइप करताना चुकलं. ग्रुप काढून टाकला, पुन्हा केला, एकेक नाव बोट ठेवून वाचलं. यादीत पुन्हा चार ‘अ’, चार ‘ब’. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मी दिलेली कमांड त्याच स्क्रीनवर वर दिसत होती — आठही नावं ‘अ’ची. खाली उत्तर वेगळं. पण जोडलेलंच नाही त्या कपाटाच्या डिस्क दिसतील कशा?

उठून आत गेलो. ‘ब’ला चार केबल जोडलेल्या होत्या. दिवे हिरवे.

केबल नारिंगी होत्या. हल्लीच्या निळसर असतात. नारिंगी आम्ही नऊ वर्षांपूर्वी वापरायचो. प्रत्येकीवर पांढरी पट्टी. १, २, ३, ४. प्रत्येक आकड्याखाली दोन आडव्या रेघा. ४ वर मी बोट फिरवलं तर मार्करची शाई बोटाला लागली.

कोपऱ्यातली पाकिटं मोजली. आठ. आठही सीलबंद.

यादव आला. मी विचारलं. तो आधी हसला. “सर, मैं तो इडली खा रहा था. हाथ भी नहीं लगाया. और ये केबल तो अपना है ही नहीं.” दाराचं रजिस्टर बघितलं — त्याचं नाव आणि माझं. कार्डाची नोंदही तेवढीच. आत जायचं दार माझ्या खुर्चीसमोर आहे. त्या तासाभरात मी खुर्चीवरून हललो नव्हतो.

मी ४ ची पट्टी सोलून खिशात घातली आणि बाहेर पडलो. सावंत गेले असणार, असंच माझ्या मनात आलं. भोईवाड्याला चालत गेलो, चाळीचा जिना चढलो. साडेपाच वाजले असतील.

दार वहिनींनी उघडलं. काठपदराची साडी, केसांत गजरा. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

“भावोजी? तुम्ही?... या. आत्ताच आलो आम्ही, पुतण्याचं लग्न होतं दादरला. सकाळी सातपासून हॉलवरच.”

आत सावंत खुर्चीवर बसून बूट काढत होते. जिवंत. केस सगळे पांढरे.

“दिघ्या!” ते म्हणाले. “वाट चुकलंस काय रे?”

“सावंत, तुम्ही आज हॉस्पिटलमध्ये आला होतात?”

“मी? माका कोण आत घेतलो?” ते हसले. “सकाळपासून वाढपी झालंय. हिका विचार.”

मी पट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उजेडाला धरली.

“माझा अक्षर,” ते म्हणाले. “खयची ही?”

वहिनी पुढे आल्या. “कसं शक्य आहे? नोकरी सुटल्यापासून यांनी पेन हातात धरलं नाही, भावोजी. गॅसचा नंबर लावायचा तरी मला सांगतात. ‘माझे आकडे चुकतात’ म्हणतात. मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या लावायला जातात, तिथेसुद्धा मोजायला दुसऱ्याला सांगतात.”

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ‘अ’ कपाट, खण, कॅन्टीनचा डबा. किती वेळ बोललो आठवत नाही. सावंत पट्टीकडे बघत होते.

“माझो कागद बरोबर होतो?” त्यांनी विचारलं.

“बरोबर होता.”

“चार ‘ब’चे लिवलेले?”

“हो.”

“नऊ वर्सां तो कागद मी डोक्यात काढून बघतंय,” ते हळू म्हणाले. “दरवेळी बरोबर येता. म्हणून वाटायचा, डोकाच बिघडला माझा. माणूस समोर बसान सांगता की नंबर तूच दिलंस... तो तर माझ्यासोबत जेवणारो माणूस. तो कित्याक खोटा बोलात?”

मी हात जोडले.

“लिवन दी,” ते म्हणाले.

वहिनींनी कागद आणून दिला. मी लिहिलं, सही केली. त्यांनी दोनदा वाचला आणि वहिनींकडे दिला. पट्टी परत मागायची माझी हिंमत झाली नाही. वहिनी दाराशी येऊन म्हणाल्या, “आता निघा तुम्ही.” आवाज चढवला नाही. जिन्यात होतो तेव्हा वर मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज ऐकू आला, त्यांचा की सावंतांचा, कळलं नाही.

तोच मजकूर मी हॉस्पिटललाही पाठवला. उत्तर आलं की प्रकरण जुनं आहे, संबंधित अधिकारी निवृत्त झाले आहेत. माझ्या कंपनीने मला त्या कामावरून काढलं, ते बरोबरच केलं. सावंतांचा फोन आलेला नाही.

नारिंगी केबल अजून तिथेच आहेत. यादवने मंगळवारी बदलायचं नाकारलं. “चल रहा है तो हाथ मत लगाओ, सर.” ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांनी काही ना काही कारण काढलं : कोणीतरी आधीच जोडून ठेवल्या असतील, ताणामुळे तुला भास झाला असेल, यादवनेच गंमत केली असेल. एकाही कारणात सावंतांचं अक्षर बसत नाही, ओली शाई बसत नाही. मला आजही उत्तर माहीत नाही.

पण वाचकहो, रोज रात्री मनात येतं ते वेगळंच. त्या दुपारी कोणी मला पटण्यासारखं एखादं कारण दिलं असतं, तर मी हुश्श म्हणून परत खुर्चीवर बसलो असतो, काम पुरं केलं असतं आणि गिरगावला घरी जाऊन जेवलो असतो. भोईवाड्याला गेलो नसतो.